जाहीर माफी खरी की तोंडदेखली: तपासायचं कसं

जाहीर माफी ऐकताना बहुतेकांची नजर चेहऱ्यावर जाते. डोळे पाणावले का, आवाज कापला का, मान खाली गेली का. नेमकी हीच जागा सगळ्यात कमी भरवशाची आहे. २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोनशेच्या वर अभ्यासांचे निकाल एकत्र केले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे नुसतं बघून-ऐकून सांगताना माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली होती. नाणं उडवून ठरवलं तरी ५० टक्के पदरात पडतात.

दुसरा घोळ 'घोकलेली म्हणजे खोटी' या समजुतीचा. लाखो लोकांसमोर माफी मागायची आणि तयारी करायची नाही, हा उलट निष्काळजीपणा झाला. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत मूलनिवासींची माफी मागितली, ती लिहिलेल्या मजकुरावरूनच. तयारी कशासाठी केली ते बघायचं: काय केलं ते नीट सांगता यावं म्हणून, की सांगावं लागू नये म्हणून. मागणाऱ्याच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसणार नाही. त्याने काय कबूल केलं, स्वतःवर काय बांधून घेतलं आणि पुढे ते निभावलं का, हे मात्र दिसतं. खालची सगळी रीत त्यावरच उभी आहे.

आधी पूर्ण मजकूर हातात घ्या

वीस सेकंदांच्या क्लिपवरून मत बनवू नका. क्लिप कापणारा समर्थक असेल तर 'मला माफ करा' एवढंच ठेवतो, विरोधक असेल तर त्यानंतरचा 'पण' ठेवतो. मूळ निवेदन, पूर्ण व्हिडिओ किंवा पोस्ट शोधा. पोस्ट असेल तर तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण टीका झाली की मजकूर गुपचूप बदलला जातो.

मग माफी कुठे आणि कोणत्या रूपात आली ते लिहून घ्या. चोवीस तासांत गायब होणारी स्टोरी, शोधयंत्राला सहज सापडू नये म्हणून फोटोच्या रूपात टाकलेला मजकूर, बंद करून ठेवलेल्या कॉमेंट्स, रात्री उशिरा किंवा सुट्टीच्या तोंडावर काढलेलं पत्रक, या सगळ्याचा कल एकाच बाजूला असतो. साधा निकष असा की चूक जेवढ्या मोठ्याने झाली तेवढ्याच मोठ्याने आणि त्याच जागी माफी हवी. एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून चाललेल्या अवमान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा धरला. कंपनीने वर्तमानपत्रांत माफीनामा छापल्याचं सांगितल्यावर न्यायमूर्तींनी विचारलं, तुमच्या जाहिराती जेवढ्या आकाराच्या असायच्या तेवढाच हा माफीनामा आहे का? त्यानंतर मोठ्या आकारात माफीनामे छापून आले.

तारखा मांडा

कागदावर चार तारखा लिहा. कृत्य कधी घडलं, करणाऱ्याला ते कधी कळलं, लोकांना कधी कळलं, माफी कधी आली. शेजारी पाचवी नोंद: माफीच्या आधीच्या दोन दिवसांत काय झालं? प्रायोजक सोडून गेला, कोर्टाची नोटीस आली, दुसरा व्हिडिओ बाहेर पडला, शेअर कोसळला?

दुसऱ्या आणि चौथ्या तारखेत महिने गेले असतील आणि तिसऱ्या-चौथ्यात काही तासच, तर ही माफी चुकीबद्दल नसून पकडलं गेल्याबद्दल आहे, हा पहिला अंदाज. तो अंदाजच समजा. प्रकरण अंगाशी आल्यावर खरोखर डोळे उघडलेली माणसंही असतात.

फार घाईची माफीही तपासून घ्यावी. तासाभरात आलेल्या निवेदनात तपशील नसतो, कारण तो गोळाच झालेला नसतो. घाईतली चांगली माफी तसं सरळ सांगते: एवढं नक्की कळलंय, एवढं तपासतोय, अमुक तारखेला पुढची माहिती देऊ. शेवटची तारीख त्यात नसेल तर वेळ मारून नेण्याचा प्रकार असू शकतो.

एकाच प्रकरणात तीन निवेदनं आली असतील तर ती शेजारीशेजारी ठेवून वाचा. यासाठी युनायटेड एअरलाइन्सचं २०१७ चं प्रकरण उत्तम आहे. ९ एप्रिलला शिकागोत एका प्रवाशाला विमानातून फरपटत बाहेर काढलं, व्हिडिओ जगभर गेला. १० एप्रिलच्या निवेदनात मुख्य कार्यकारी अधिकारी ऑस्कर मुनोझ यांनी माफी मागितली ती प्रवाशांची 'पुन्हा सोय करावी लागल्याबद्दल'. मारहाणीचा, रक्ताचा उल्लेख नाही. कर्मचाऱ्यांना गेलेल्या अंतर्गत पत्रात त्याच प्रवाशाला त्रासदायक आणि भांडखोर ठरवलं होतं. ११ एप्रिलला, चौफेर टीका झाल्यावर, तिसरं निवेदन: कुणालाही अशी वागणूक मिळता कामा नये, पूर्ण जबाबदारी आमची, आढाव्याचे निष्कर्ष ३० एप्रिलपर्यंत जाहीर करू. दोन दिवसांतले हे तीन मजकूर एकाच माणसाच्या नावाचे आहेत. पहिल्या दोघांमुळे तिसऱ्यावर विश्वास बसत नाही, हे साहजिक आहे. पण तिसऱ्यात तपासता येईल अशी एक तारीख आहे. तिचं पुढे काय झालं ते शेवटाकडे पाहू.

वाक्यं सुटी करा

खरं काम इथे आहे. निवेदनातल्या प्रत्येक वाक्याला आकडा द्या आणि क्रियापदाखाली रेघ मारा. प्रत्येक क्रियापदाला विचारा: हे कोणी केलं?

मराठीत कर्ता गायब करणं फार सोपं आहे. 'चूक झाली', 'असं घडायला नको होतं', 'गैरसमज निर्माण झाला', 'भावना दुखावल्या गेल्या'. चूक जणू पावसासारखी आपोआप पडली. इंग्रजीतही हीच पळवाट आहे. इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन जानेवारी १९८७ च्या भाषणात 'चुका झाल्या' असं म्हणाले. कोणी केल्या ते वाक्यात नव्हतं. तपासायची युक्ती अशी की वाक्यात 'मी' किंवा 'आम्ही' बसवून बघा. 'गैरसमज निर्माण झाला' याचं 'मी गैरसमज निर्माण केला' असं करताच वाक्याचा अर्थ बदलून कबुली झाली, तर मूळ वाक्यात कबुली नव्हती.

इथे फार कडकही होऊ नका. 'माझ्या हातून चूक झाली' हे मराठी माणसाचं रोजचं बोलणं आहे आणि त्यात कर्ता आहे, थोडा आडून उभा असला तरी. दहा वाक्यांपैकी दोनांत कर्ता नसेल तर काही बिघडत नाही. कृत्याच्या वाक्यांत नेमका कर्ता गायब आणि चांगल्या कामांच्या वाक्यांत 'आम्ही' ठळक, हा नमुना दिसला की समजून जा.

दुसरी खूण 'तर'. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी माफी मागतो.' ही सशर्त माफी आहे आणि अट पुरी झाली की नाही हे ठरवणाराही तोच. ज्या ठिकाणी नुकसान उघड आहे, माणसं जखमी आहेत, पैसे बुडालेत, तिथे 'असतील तर' म्हणजे नुकसानच मान्य नाही. नुकसान झालं की नाही हे खरंच स्पष्ट नसेल तिथे मात्र 'तर' प्रामाणिक असू शकतो.

तिसरी 'पण'. सगळे सांगतात की 'पण' आला की माफी गेली. हे अर्धंच खरं आहे. बोलणाऱ्याचा रोख 'पण'च्या पुढे असतो, त्यामुळे पुढे काय आलं ते बघायचं. १५ जून २०१० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन 'ब्लडी संडे'बद्दल संसदेत बोलले. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात त्याच दिवशी तेरा जण मेले होते. कॅमरन आधी म्हणाले की मी देशप्रेमी आहे, आपल्या देशाबद्दल वाईट मानायला माझं मन तयार होत नाही. मग 'पण' आला, आणि त्यापुढे: अहवालाचे निष्कर्ष अगदी स्पष्ट आहेत, जे घडलं ते असमर्थनीय होतं, चुकीचं होतं. सारवासारव 'पण'च्या आधी, कबुली नंतर. तोच शब्द उलट्या क्रमाने आला असता तर भाषण वाया गेलं असतं.

चौथी खूण हेतूची. 'कुणाला दुखवण्याचा हेतू नव्हता' हे अपघातात, अज्ञानात चालतं. तीच गोष्ट चारदा केली असेल, किंवा बैठक घेऊन ठरवून केली असेल, तर हेतू काय होता हा प्रश्नच उरत नाही. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला', 'संदर्भ सोडून दाखवलं' ही वाक्यं कधी कधी खरीही असतात. मग संदर्भ द्यावा. पूर्ण रेकॉर्डिंग हाताशी असूनही जो ते देत नाही, त्याच्या या वाक्याला शून्य गुण द्या.

'खेद' आणि 'दिलगिरी' हे शब्द दिसले की एक प्रश्न विचारा: कशाबद्दल? झालेल्या गोष्टीबद्दल वाईट वाटणं आणि ती आपण केली असं म्हणणं यांत जबाबदारीचं अंतर आहे, आणि सरकारं ते जाणून वापरतात. ऑस्ट्रेलियन संसदेने १९९९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या ठरावात मूलनिवासींवरच्या अन्यायाबद्दल 'मनःपूर्वक खेद' व्यक्त केला होता. माफीसाठी २००८ उजाडावं लागलं. जालियनवाला बागेच्या शताब्दीच्या तोंडावर, एप्रिल २०१९ मध्ये, तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत तो प्रसंग लाजिरवाणा डाग असल्याचं म्हटलं, तीव्र खेद व्यक्त केला आणि तिथेच थांबल्या. शब्द कमी पडले म्हणून त्या थांबल्या असं कोणीही समजू नये.

आता हे एका मजकुरावर करून पाहू. खालचं निवेदन नमुन्यासाठी रचलेलं आहे. असं रोज कुठेतरी निघतं.

'(१) गेल्या काही दिवसांत जे घडलं त्याबद्दल आम्हाला अत्यंत खेद वाटतो. (२) काही त्रुटी राहून गेल्या. (३) कोणालाही त्रास देण्याचा आमचा हेतू नव्हता. (४) गेली तीस वर्षं आमच्या संस्थेने विश्वास हीच पुंजी मानली आहे. (५) या कठीण काळात आमच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या सर्वांचे आभार. (६) योग्य ती पावलं उचलली जात आहेत. (७) चला, सारे मिळून पुढे जाऊ या.'

पहिल्या वाक्यात 'जे घडलं' म्हणजे काय ते नाही. प्रकरण माहीत नसलेल्या माणसाला हे वाचून काहीच कळणार नाही. दुसऱ्यात कर्ता नाही आणि 'त्रुटी' हा शब्द गळकं छप्पर आणि पैशांची अफरातफर दोन्हींना चालतो. तिसरं हेतूचं. चौथं स्वतःच्या इतिहासाचं. पाचवं सर्वांत बोलकं: 'कठीण काळ' कोणाचा? त्रास झालेल्यांचा नव्हे, संस्थेचा, आणि आभारही पाठिराख्यांचे. सहाव्यात पावलं कोणती, कोण उचलतंय, कधीपर्यंत, काही नाही. सातव्यात ज्यांचं नुकसान झालं त्यांनाच पुढे चला म्हणून सांगितलंय. सात वाक्यांत नुकसान झालेला माणूस एकदाही दिसत नाही.

तेच निवेदन असं येऊ शकलं असतं: 'आमच्या वसतिगृहाच्या पाण्याबद्दल पहिली तक्रार ४ तारखेला आली. आम्ही टाकी तपासली नाही. २१ तारखेपर्यंत अकरा मुलं आजारी पडली. तपासणीची जबाबदारी व्यवस्थापकांची, म्हणजे आमची होती. मुलांच्या उपचारांचा सगळा खर्च आम्ही देत आहोत. टाकी बंद केली आहे. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल ३० तारखेला फलकावर लावू.' यात 'माफ करा' हे शब्दसुद्धा नाहीत. ते घालायला हवेत, पण नसतानाही हा मजकूर पहिल्यापेक्षा कैक पटींनी माफीच्या जवळ आहे.

कृत्याचं नाव घेतलं का

वाक्यं सुटी केल्यावर, ज्ञात असलेल्या गोष्टींची यादी शेजारी ठेवा आणि जुळवा. माफीत कृत्याचं सरळ नाव आहे का, की 'तो प्रकार', 'ती घटना', 'गेल्या आठवड्यातलं प्रकरण' असं मोघम आहे? नाव घेतलं असेल तर ते पूर्ण आहे का?

अर्धवट कबुली ही सगळ्यात फसवी चीज. मार्च २०१८ मध्ये केपटाउन कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कॅमरन बँक्रॉफ्ट चेंडू खरवडताना कॅमेऱ्यात सापडला. त्याच संध्याकाळी तो आणि कर्णधार स्टीव्ह स्मिथ पत्रकारांसमोर बसले, कबुली दिली, शरम वाटते म्हणाले. पाहणाऱ्यांना वाटलं, चला, निदान खरं सांगितलं. पण बँक्रॉफ्टने सांगितलं होतं की हातात माती चिकटलेली टेप होती. काही दिवसांत बाहेर आलं की तो सँडपेपर होता. कबुली होती, फक्त कबूल केलेली गोष्ट खरी नव्हती.

यावरून एक सोपी कसोटी. माफीत अशी एखादी गोष्ट आहे का, जी मागणाऱ्याला अडचणीची आहे आणि लोकांना अजून माहीत नव्हती? असेल तर वजन मोठं. आधीच छापून आलेल्या गोष्टींपलीकडे माफीचा एक शब्दही जात नसेल, तर मागणारा मागे राहून उघडकीचा वेग मोजतोय, अशी शक्यता धरा.

काय किंमत मोजली

संशोधक रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक तपासले: खेद, कारण सांगणं, जबाबदारी मान्य करणं, पुन्हा न करण्याचं वचन, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांच्या लेखी सगळ्यात वजनदार ठरली जबाबदारी, त्याखालोखाल भरपाई. क्षमेची विनंती सगळ्यात हलकी. जाहीर माफीनाम्यांत मात्र प्रमाण बरोबर उलटं दिसतं, कारण विनंतीला पैसे पडत नाहीत.

भरपाईचं वाक्य सापडलं की त्यात चार रकाने भरून पाहा: कोणाला, किती, कधीपर्यंत, तपासणार कोण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. त्याबद्दलचा १९८८ चा कायदा चारही रकाने भरतो: हयात असलेल्या प्रत्येक बंदीला २०,००० डॉलर, सोबत लेखी माफी, पैसे सरकारी खात्यामार्फत; पहिले धनादेश १९९० मध्ये निघाले. त्या कायद्यावर सही रेगन यांचीच होती, वर 'चुका झाल्या' म्हणालेल्या रेगन यांची. माफी माणसाच्या स्वभावावरून न मोजता मजकुरावरून का मोजायची, याचा हा चांगला दाखला.

उलट, काही भरपाया दिसतात तशा नसतात. नुकसान झालेल्यांना वगळून भलत्याच धर्मादाय संस्थेला दिलेली देणगी. मुदत नसलेली चौकशी समिती. चौकशीत उत्तरं द्यावी लागू नयेत म्हणून घाईने दिलेला राजीनामा; हा फार वेळा शौर्य म्हणून खपतो.

'वकिलांनी बोलू दिलं नाही' ही सबबही ऐकू येते. ती सगळीच खोटी नाही, कबुली कोर्टात उलटू शकते. पण बऱ्याच ठिकाणी कायद्याने वाट ठेवली आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या नुकसानभरपाई कायद्यानुसार नुसती माफी मागणं म्हणजे हलगर्जीची कबुली धरली जात नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९८६ मध्येच, अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती पुरावा म्हणून वापरायला बंदी केली. आणि ज्यांना किंमत मोजायची असते ते मोजतात. २००८ मध्ये कॅनडातल्या मेपल लीफ फूड्सच्या मांसातून लिस्टेरिया या जिवाणूची लागण होऊन वीसहून जास्त माणसं दगावली. कंपनीचे प्रमुख मायकेल मॅकेन यांनी टीव्हीवर माफी मागितली आणि पत्रकारांना सांगितलं की या संकटात दोन सल्लागारांचं मी ऐकलेलं नाही: वकील आणि हिशेबनीस.

चेहऱ्याबद्दल थोडंच

मानसशास्त्रज्ञ लिआन टेन ब्रिंके यांच्या २०१२ च्या अभ्यासात खोटा पश्चात्ताप दाखवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जास्त प्रकारचे भाव आले, ते सुखाकडून दुःखाकडे झटकन उड्या मारत होते, आणि बोलण्यात अडखळणंही जास्त होतं. प्रयोगशाळेत फ्रेमगणिक मोजून मिळालेलं हे निरीक्षण घरी टीव्हीसमोर वापरता येत नाही. कॅमेऱ्याची भीती, परकी भाषा, झोप नसणं, यानेही माणूस अडखळतो. केपटाउननंतर स्मिथ सिडनीत ढसाढसा रडला. त्यावर दोन्ही बाजूंनी खूप लिहिलं गेलं. त्यापेक्षा सांगण्यासारखी गोष्ट आठवड्याभराने घडली: बारा महिन्यांच्या बंदीविरुद्ध दाद मागायचा हक्क असताना त्याने ती मागितली नाही.

कागद खाली ठेवल्यावर

लिहिलेलं वाचून झालं की प्रश्न सुरू होतात, आणि पाठ केलेली माफी तिथे उघडी पडते. प्रश्न घेतलेच नाहीत, तर तशी नोंद करा. घेतले असतील तर वरच्या यादीतल्या दुसऱ्या तारखेच्या प्रश्नाकडे लक्ष द्या: 'तुम्हाला हे पहिल्यांदा कधी कळलं?' खरं बोलणाऱ्याला तारीख आठवते किंवा तो 'बघून सांगतो' म्हणतो आणि सांगतो. लपवणारा मूळ निवेदनातलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणतो. तीन मुलाखतींत तेच वाक्य, त्याच शब्दांत, वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तर म्हणून आलं, तर ते सल्लागाराने दिलेलं आहे असं धरायला हरकत नाही.

कधी कधी एकच अनघोकलं वाक्य सगळं सांगून जातं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीच्या स्फोटात अकरा कामगार मेले, समुद्रात महिनोन् महिने तेल वाहत राहिलं. बीपी या तेल कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड किनाऱ्यावरच्या लोकांची माफी मागता मागता म्हणाले, हे संपावं असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नसेल. मला माझं आयुष्य परत हवंय. माफीचा भाग ठरलेला होता, पुढचा त्यांचा स्वतःचा.

देशाच्या आणि संस्थेच्या माफीला वेगळं माप

इथे मागणाऱ्याने कृत्य केलेलं नसतं, म्हणून पश्चात्ताप शोधण्यात अर्थ नाही. वॉर्सात ७ डिसेंबर १९७० रोजी नाझींविरुद्धच्या ज्यूंच्या उठावाच्या स्मारकापुढे गुडघे टेकणारे जर्मन चान्सलर विली ब्रांट स्वतः नाझींपासून पळून गेलेले होते. अशा माफीत तीन गोष्टी बघा: स्वतःच्याच लोकांना ती बोचली का, सरकारी नोंदीत गेली का, आणि पुढच्या सरकारवर काही बंधन घातलं का. ब्रांट यांच्या कृतीनंतर पश्चिम जर्मनीतल्या पाहणीत ४८ टक्के लोकांना ती अतिरेकी वाटली होती आणि ४१ टक्क्यांना योग्य. म्हणजे किंमत होती. रड यांच्या माफीसोबत वैयक्तिक भरपाई नव्हती, ही तिची मोठी उणीव. पण मूलनिवासींच्या आरोग्य-शिक्षणातल्या तफावतीचा अहवाल दरवर्षी संसदेत मांडायचं त्यांनी बांधून घेतलं.

कॅलेंडरवर खुणा

माफीच्या दिवसापासून ७, ३० आणि ९० दिवसांवर आठवण लावा. सातव्या दिवशी बघा: मूळ पोस्ट आहे का, बदलली का, तक्रार करणाऱ्यांवर समर्थक तुटून पडलेत का आणि मागणारा गप्प आहे का. तिसाव्या दिवशी दिलेली मुदत पाळली का. युनायटेडने पाळली: ३० एप्रिलची तारीख दिली होती, २७ एप्रिललाच दहा बदल जाहीर केले. त्यात जागा सोडणाऱ्या प्रवाशाला १०,००० डॉलरपर्यंत मोबदला आणि सुरक्षेचा प्रश्न असल्याशिवाय पोलिसांना न बोलावणं होतं. पहिल्या दोन निवेदनांचा डाग त्याने पुसला जात नाही, पण तिसऱ्याला गुण द्यावे लागतात.

नव्वदाव्या दिवशी कोर्टाचे कागद बघा, उपलब्ध असतील तर. कॅमेऱ्यापुढे 'पूर्ण जबाबदारी आमची' आणि प्रतिज्ञापत्रात 'आरोप निराधार', ही जोडी बरीच आढळते. तक्रारदाराला पाठवलेली बदनामीची नोटीस माफीनंतरही मागे घेतलेली नसेल तर बाकी काही तपासायची गरज नाही.

आपलीच नजर

आवडत्या माणसाची मोघम माफी आपल्याला विनम्र वाटते, नावडत्याची काटेकोर माफी हिशेबी. उपाय एकच: नाव झाकून, किंवा दुसऱ्या बाजूच्या माणसाचं नाव घालून मजकूर पुन्हा वाचा. मत बदललं तर पहिलं मत मजकुराबद्दल नव्हतं. शक्यतो प्रकरणाशी संबंध नसलेल्या एखाद्याकडून वाक्यांची छाननी वेगळी करून घ्या आणि मग ताडून बघा.

माफ करायचं की नाही, हा निर्णय नुकसान झालेल्यांचा. माफी भक्कम असूनही त्यांनी नाकारली तर त्यात काही चुकत नाही, आणि कच्ची असून स्वीकारली म्हणून ती पक्की होत नाही. तुमचा निकाल मजकुरापुरता आणि पुढच्या वागण्यापुरता.

तो तीन ओळींत लिहा: काय कबूल केलं, काय टाळलं, कोणती तारीख दिली. तारीख यायची असेल तर शेरा 'अजून ठरत नाही' असा लिहा. तीच व्यक्ती किंवा संस्था वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा माफी मागायला उभी राहिली, तर आधीचा मजकूर नव्याच्या शेजारी ठेवा आणि वचनांच्या वाक्यांपासून वाचायला सुरुवात करा.